बारीक बाळ, आतली चरबी

माझे माहेर मुळशी तालुक्यातले, कोळवण खोऱ्यातले. गेल्या श्रावणात भाताची आवणी उरकल्यावर चार दिवस राहायला म्हणून गेले, तर ओटीवर तात्या गुमान बसलेले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वय साठीच्या घरात, अंगकाठी किडकिडीत, वजन पन्नास किलोला जेमतेम टेकते. जन्मभर चिखलात उभे राहून आवणी केली, उतारावर गुरे वळली, पोत्यांना खांदा दिला. पंधरवड्यापूर्वी गावच्या शाळेत तपासणीचे शिबिर भरले होते. सगळ्यांबरोबर तात्यांनीही बोट टोचून घेतले, मग पौडला जाऊन उपाशीपोटी रक्त दिले, आणि डॉक्टरांनी सांगितले की साखर आहे, गोळ्या सुरू करा.

काकूचा विश्वासच बसेना. "अगं पोरी, साखर व्हायची ती शहरातल्या शेठजीला. गादीवर बसून पोट सुटतं त्याला. ह्यांच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, ह्यांना कुठली आलीया साखर?"

वाचकहो, काकूचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नेमका हाच प्रश्न पुण्यातल्या एका डॉक्टरांना चाळीसएक वर्षांपूर्वी पडला आणि त्याचा माग काढण्यात त्यांची सारी कारकीर्द गेली. त्यांचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली. (केईएम म्हटले की पुष्कळांना मुंबईचे परळ आठवते. पुण्याचे केईएम निराळे. तेही शंभरी ओलांडलेले, १९१२ सालचे.) जगात कुठेही मधुमेहावर लेख लिहिला जावो, हिंदुस्थानी माणसाच्या साखरेचा विषय निघाला की याज्ञिकांच्या कामाचा दाखला येतोच. पण हे ज्ञान ज्या शेतकरी घरांतून निघाले, त्यांच्यासारख्याच आपल्या घरांत ते अजून पुरते पोचलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी आजार किती पसरला आहे ते ध्यानात घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आमच्या मुळशी तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला, बावधनला, महामार्गालगत मधुमेहाच्या उपचारासाठी चेलाराम संस्थेचे रुग्णालय उभे आहे. आजार दारात आला आहे, तो असा.

याज्ञिक तरुणपणी, १९८० च्या दशकात, विलायतेत ऑक्सफर्डला मधुमेहाचे संशोधन शिकले आणि पुण्याला परतले. तिकडच्या पुस्तकांत मधुमेही माणसाचे जे वर्णन होते ते काकूच्या शेठजीसारखेच होते: वयाने उतरता आणि अंगाने जाडजूड. केईएममध्ये समोर येऊन बसणारी माणसे मात्र वयाने बरीच तरुण आणि वजनाने बेताची. मग पुस्तक खोटे की माणसे? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाचा नाद सोडून कंबर आणि नितंब टेपने मोजायला घेतले. १९९१ साली त्यांनी छापून सांगितले की आपल्या लोकांत एकूण जाडीपेक्षा पोटाभोवती साठलेली चरबी साखरेशी जास्त निगडित आहे. वजनकाटा बेताचा आकडा दाखवतो, चरबी पोटात दडलेली असते.

पण ही चरबी येते कुठून? हात बारीक, पाय बारीक आणि पोटात तेवढी चरबी, हे कोणत्या वयात सुरू होते?

याच सुमारास इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून सुईणींनी आणि आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवले होते. बार्करांच्या गटाला त्या वह्या सापडल्या. वहीतली बाळे आता साठी ओलांडलेले म्हातारे झाली होती. त्यांना हुडकून त्यांची साखर तपासली, तेव्हा जन्मतः ज्यांचे वजन कमी होते त्यांच्यात मधुमेह जास्त निघाला. आईच्या पोटात उपाशी राहिलेले मूल काटकसरीने जगायला शिकते. पुढे सुबत्ता आली की तीच काटकसर त्याच्या अंगावर उलटते, असा बार्करांचा तर्क होता. एखाद्या अनामिक सुईणीने नीट लिहिलेली वही साठ वर्षांनी अशी कामाला येते. आपल्या अंगणवाडीतल्या ताई वजनाच्या नोंदी करतात, त्यांना आपण किती मान देतो हे ज्याने त्याने पाहावे.

बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्याशी याज्ञिकांचे सूत जमले. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची जन्मवजने नोंदलेली होतीच. ती मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले. जन्मतः हलकी असलेली मुले चारच वर्षांची, तरी त्यांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन चढे. आठव्या वर्षी पुन्हा पाहिले, तर जन्मतः लहान आणि नंतर भराभर वाढलेली मुले सर्वांत जोखमीत. म्हणजे मुळे आईच्या पोटात. मग शोधही तिथूनच सुरू करायला हवा होता, आणि त्यासाठी गावात जायला हवे होते.

गावे केईएमला परकी नव्हती. डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे १९७० च्या दशकातच ग्रामीण आरोग्याचे मोठे काम उभे केले होते. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या सहा शेतकरी गावांत याज्ञिकांच्या पुढाकाराने गरोदर मातांच्या आहाराची पाहणी सुरू झाली. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' हे तिचे नाव. तो मुलूख आमच्या मुळशीसारखा पावसाचा नव्हे. कोरडवाहू, पाण्याला तरसणारा. पण घरची रीत तुमच्याआमच्या घरांसारखीच.

कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. लग्न झालेल्या, मूल होऊ शकेल अशा अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या दरमहा जात आणि पाळीची तारीख विचारून लिहीत. सासूच्या देखत हे विचारणे म्हणजे काय ते गावातल्या बायांना सांगायला नको. त्यांतल्या ७९७ जणींच्या गरोदरपणाची सविस्तर नोंद झाली. कोण किती भाकरी खाते, दूध पोटात जाते का, पाणी किती लांबून आणते, शेतात काय काय करते, हे सारे टिपले. गरोदर होण्याआधीचे त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूटही नाही. बाळंतपण झाले की बाहत्तर तासांच्या आत माणूस घरी हजर. बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंड, आणि चिमट्याच्या यंत्राने दंडावरची व पाठीवरची कातडीची घडी, एवढी मापे घेतली जात. घडी जितकी जाड तितकी कातडीखाली चरबी जास्त.

सरासरी बाळ भरले २.७ किलो. साउदॅम्प्टनचे बाळ ३.५ किलो. आता साधा हिशेब असा की हलक्या बाळाचे सगळेच कमी असणार. तसे झाले नाही. दंडाचे मांस कमी, पोटातले अवयव कमी, लांबीही कमी. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारच थोडी कमी. मांस आणि अवयव यांत काटकसर झाली होती, चरबी राखून ठेवलेली होती. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या तान्ह्या बाळांची चुंबकीय यंत्रात तपासणी झाली, तेव्हा पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबीचा वाटा जास्त असल्याचेही दिसून आले. या बाळाला याज्ञिकांनी नाव दिले 'थिन-फॅट', बारीक असून चरबीचे. २००३ सालच्या लेखात ही सारी मापे छापली गेली.

पुढच्याच वर्षी, २००४ साली, 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात एक गमतीचे चित्र आले. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे: एक आपले याज्ञिक, दुसरे त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३. म्हणजे काट्यावर दोघेही ठाकठीक. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय'चे कोडे म्हणतात. स्वतःच्या अंगातली चरबी जगाला दाखवणारा शास्त्रज्ञ विरळाच. हे पानभर मजकुराचे टिपण दुनियाभरच्या व्याख्यानांत पडद्यावर दाखवले जाते. आशियाई माणसासाठी जाडीची रेघ थोडी खाली, २३ वर धरावी, हा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही त्याच २००४ साली मांडला. तात्यांच्या अंगात मांस दिसत नाही, चरबी मात्र असू शकते. काकूच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे.

आता वर 'दाखला' हा शब्द आला त्याविषयी थोडे. शास्त्रज्ञ लेख छापतो तेव्हा आपले काम आधीच्या कोणाच्या कामावर उभे आहे याची यादी शेवटी देतो. त्या यादीत आपला लेख येणे म्हणजे दाखला मिळणे. आमच्या खोऱ्यात आंबेमोहोराचे बी कोणाकडचे खात्रीचे, हे कोणी पाटीवर लिहून लावत नाही. पण पेरणीच्या आधी माणसे पिशवी घेऊन कोणाच्या दारात येतात ते साऱ्या गावाला दिसते. तसाच हा प्रकार. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अशा दाखल्यांची सूची छापायला घेतली, आणि कोणाचे बी किती शेतांत गेले ते मोजता येऊ लागले. २००५ साली हर्श नावाच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यावर एक आकडा बसवला: ज्याच्या तीस लेखांना प्रत्येकी निदान तीस दाखले, त्याचा आकडा तीस. एकच लेख गाजला आणि बाकीचे पडून राहिले तर हा आकडा चढत नाही. हल्ली नेमणुका, बढत्या, अनुदाने यांत असल्या आकड्यांना फार वजन आले आहे.

मला स्वतःला या मोजणीवर पुरता भरवसा ठेवावासा वाटत नाही. खोडून काढण्यासाठी घेतलेला दाखलाही त्यात एकच धरला जातो, आपलाच दाखला आपण देण्याची पळवाट असते, आणि 'थिन-फॅट' हा शब्द तर आता इतका रुळला आहे की पुष्कळ जण तो कोणाचा हे न सांगताच वापरतात. आणखी एक. लेखाच्या माथ्यावर डॉक्टरांची, आहारतज्ज्ञांची, संख्याशास्त्रज्ञांची नावे असतात, आणि ती असायलाच हवीत. पण तपासणीसाठी रक्त देणाऱ्या, पाळीची तारीख परक्या बाईला सांगणाऱ्या त्या बाया तिथे '७९७' एवढ्याच असतात. त्यांच्या खाती दाखला पडत नाही.

खरा मासला पुढेच आहे. या मातांच्या आहाराचा हिशेब पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव यांनी मांडला आणि २००१ साली छापला. बाया दिवसाला सुमारे १,८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. कष्टांच्या मानाने कमीच. पण बाळाचा आकार भाकरी किती यापेक्षा दुसऱ्याच गोष्टींशी जुळत होता. पाचव्या महिन्याच्या सुमारास ज्यांच्या पोटात दूध जास्त वेळा गेले, आणि सातव्याच्या सुमारास ज्यांनी पालेभाज्या व फळे जास्त वेळा खाल्ली, त्यांची बाळे अंगाने भरलेली. मेथी, चाकवत, तांदुळजा, शेपू, असला बांधावरचा आणि परसातला पाला. राव यांनी कष्टांचाही हिशेब मांडला: गरोदरपणी जिच्या वाट्याला जड काम जास्त, तिचे बाळ लहान. पाण्याचे हंडे आणि शेतातली कामे यांत आली.

रक्तातही असेच काही सापडले. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. फोलेट, म्हणजे पालेभाज्यांतून आणि सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांतून मिळते ते, कमी असलेली बाई जवळजवळ नव्हतीच. ब-१२ झाडपाल्यात नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच येते. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तर ज्यांच्या आयांना ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या अंगात इन्सुलिन नीट लागू पडत नव्हते. २००८ साली हे छापले आणि त्यावर जगभर खल झाला. इथे एक गोष्ट बजावून सांगते: याचा अर्थ गरोदरपणी मिळणाऱ्या लोह-फोलिक गोळ्या टाकून द्याव्या असा मुळीच नाही. त्यांनी आईचे रक्त वाढते आणि बाळाचे व्यंग टळते. त्या घ्यायच्याच, ब-१२ कडेही लक्ष द्यायचे, इतकाच बोध.

सहा गावांतली ही मुले दर सहा महिन्यांनी मोजली जात राहिली आणि सहा, बारा, अठरा अशा वर्षांना त्यांची पुरती तपासणी झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले सुटली नाहीत, ही गोष्ट मला कोणत्याही दाखल्यापेक्षा मोठी वाटते. कारण बारा-पंधरा वर्षे गाव आपल्याला दार उघडते ते विश्वास असल्याशिवाय नाही. अठराव्या वर्षी निघालेला आकडा मात्र काळजात धस्स करणारा. बारीक अंगाच्या या पोरांत, शंभरांतल्या ३७ मुलांची आणि १८ मुलींची साखर ठीक नव्हती. ज्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षी थोडी चढी होती, तीच पुढे अडचणीत आली. २०२१ साली ही माहिती छापली गेली. बैठ्या शहरी राहणीला तेवढा दोष देऊन ही गोष्ट संपत नाही.

२०१२ साली याज्ञिकांच्या गटाने याच मुलामुलींवर पुढचा प्रयोग सुरू केला. आता ती वयात आली होती, लग्ने होणार होती. ५५७ जणांना रोज गोळी दिली. काहींच्या गोळीत ब-१२ फक्त २ मायक्रोग्रॅम, काहींच्या गोळीत त्याबरोबर इतर जीवनसत्त्वेही, आणि काहींच्या गोळीत दोन्ही नाही. आई गरोदर राहिल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून. त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलांपैकी एका लहान गटात, ब-१२ घेतलेल्या मातांच्या मुलांची समज आणि बोलणे चाचणीत सरस निघाले. मुलांची संख्या थोडी आहे, तेव्हा लगेच हुरळून जायला नको. साखरेचे काय होते हे कळायला ती मुले मोठी व्हावी लागतील. शेतीत एक हंगाम चुकला तर वर्ष जाते. या कामात एक हंगाम म्हणजे एक पिढी.

हे सारे मी काकूला चुलीपुढे बसून सांगितले. दाखले, आकडे यांत तिला रस नव्हता. तिने दोनच गोष्टी धरल्या. पहिली तात्यांची: गोळ्या चुकवायच्या नाहीत, पायांची जखम लपवायची नाही, ताटातला भात थोडा कमी करून डाळ-भाजी वाढवायची. भातच सोडायचा का, असे तात्यांनी कुरकुरत विचारले. आंबेमोहोर पिकवणाऱ्याला भात सोड म्हणणे माझ्या जिभेवर येईना. किती खायचा ते डॉक्टरांना विचारा, असे मी म्हटले.

दुसरी गोष्ट तिने स्वतःच काढली. घरात सूनबाईला पाचवा महिना लागला होता. दोन दुभत्या म्हशी दारात, आणि दूध सगळे डेअरीच्या कॅनमध्ये. घरात राहते ते चहापुरते, तेही आधी बाप्यांच्या कपात.

"तुम्ही माझ्या वेळेला दूध प्यायला होता का हो, काकू?" मी विचारले.

"मी? सासूबाईंनी ताकाची निवळ दिली तर दिली. दूध गेलं की पैसा यायचा. त्या पैशावर घर चालायचं, पोरी." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "तात्यांच्या आईनं तरी काय प्यायलं असंल गं? बहात्तरच्या दुष्काळाच्या कितीतरी आधीची गोष्ट ती."

सूनबाई आत भाकऱ्या थापत होती. काकूने हाक मारून सांगितले की गरोदरपणाची साखर तपासायला येत्या मंगळवारी पौडला जायचे, आणि डॉक्टरीणबाईंना त्या बारा नंबरच्या जीवनसत्त्वाचंही विचारायचं. "आणि उद्यापासून हंडे मी आणि गणपत आणू." गणपत म्हणजे तिचा मुलगा. तो बाहेरून येत होता. त्याने ऐकले, काही बोलला नाही, पायातल्या चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा धार काढून झाली होती. काकूने कासंडीतून एक मोठा तांब्या भरून चुलीवर तापायला ठेवला आणि उरलेले कॅनमध्ये ओतले. डेअरीचा पोरगा माप घालताना म्हणाला, "आज्जी, आज लिटरभर कमी भरलं. म्हस आटली काय?"

"म्हस आटली न्हाई," काकू म्हणाली. "लिहून घे तू तेवढंच. आता तेवढंच येणार."